अडीच टक्के दिले, पण काट्याचं काय?

रमजान जवळ आला की आमच्या जळगावातल्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरायला लागतो. सार असं : 'इस्लामी व्यापारनीती दोन ओळींची. व्याज घेऊ नका, नफ्यातले अडीच टक्के जकात द्या, शेठ मोकळा. सामाजिक जबाबदारी वगैरे २०१३ च्या कंपनी कायद्याने शिकवली.' यंदा तो मला दोघांनी पाठवला. दाणाबाजारातल्या एका जातभाईने अभिमानाने, आणि एका हिंदू मित्राने टोमणा म्हणून. दोघांनाही तो पटतो, ही गंमत.

दुकानांचे हिशेब लिहिणं हा माझा धंदा, म्हणून आकड्यांपासून सुरुवात करतो. जकात म्हणजे संपत्तीतून द्यायचं सक्तीचं दान; ती नफ्यावर नसते. निसाबाइतकी, म्हणजे ठरलेल्या किमान मर्यादेइतकी, संपत्ती चांद्र वर्षभर हातात राहिली की तिच्यावर असते : रोकड, सोनं-चांदी, वसूल होणारी उधारी, गोदामातला विक्रीचा माल. आमच्यासारख्या हनफी पंथाच्या घरांत निसाब साधारण साडेबावन्न तोळे चांदीचा धरतात. दुकानाची इमारत, काटा, टेम्पो यांवर जकात नाही. भाव पडून वर्ष तोट्यात गेलं, तरी देणी वजा जाऊन निसाब उरत असेल तर पडून राहिलेल्या गठाणींवर ती द्यावीच लागते.

२०१३ चं तर सोडाच. त्या कायद्यातलं सामाजिक जबाबदारीचं कलम १३५ फक्त कंपन्यांना लागतं, तेही नक्त मत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी असेल तर. भावाभावांच्या भागीदारीतल्या पेढीला ते शिवतही नाही. इथे कोणीतरी हमखास अमळनेरचं नाव काढतं. १९४५ मध्ये मोहम्मद हाशम प्रेमजींनी तिथे वनस्पती तुपाचा कारखाना काढला, त्याचीच पुढे विप्रो झाली. पण अझीम प्रेमजी आपल्या दानाचं श्रेय आईला आणि गांधीजींच्या विश्वस्ताच्या कल्पनेला देतात. त्यांना मी माझ्या बाजूने ओढणार नाही.

व्याज घेऊ नका, हे खरंच. पण कुराण तिथे थांबत नाही. ऋणको अडचणीत असेल तर हात मोकळा होईपर्यंत मुदत द्या, सोडून दिलंत तर जास्त चांगलं (२:२८०). पाऊस दगा देतो त्या साली उधारीची वही उघडून बसलेल्या शेठला हे पचायला जड जातं.

आता 'शेठ मोकळा'. माप मारणाऱ्यांवर कुराणात एक अख्खी सूरह, म्हणजे अध्याय, आहे, अल-मुतफ्फिफीन : घेताना पुरं मोजून घेतात, देताना कमी देतात. आपल्याकडे शेतकऱ्याच्या वजनातून क्विंटलमागे 'कट्टी' कापणाऱ्याने ती एकदा अर्थासकट वाचावी. आणि ती हदीस, पैगंबरांची सांगितली जाणारी आठवण? पैगंबरांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, आत ओल लागली. पावसाने भिजलं, म्हणाला विक्रेता. मग ओलं वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं. फसवणारा माझा नव्हे. जिनिंगवर पाणी मारलेला कापूस ज्याने पाहिलाय, त्याला वेगळा अर्थ सांगायला नको.

ज्यांचा हनफी मजहब आम्ही पाळतो ते अबू हनीफा स्वतः कूफ्याचे कापडव्यापारी. चरित्रकार सांगतात, त्यांच्या भागीदाराने खोट न सांगता एक कापड विकलं आणि गिऱ्हाईक सापडेना, तेव्हा त्यांनी आलेले सगळे पैसे दान केले. अडीच टक्के नव्हे, सगळे. इस्लामी विचारवंत गझाली (मृत्यू ११११) तर हिशेबनिसाच्याच भाषेत बोलतात : न्यायाने वागणं म्हणजे मुद्दल शाबूत राखणं, इहसान, म्हणजे त्याहून पुढे जाऊन केलेली भलाई, हा नफा. मजकूरवाले शेठ मुद्दलालाच नफा समजून बसलेत.

राहिली घरची पेढी. बापामागे मुलीला मुलाच्या निम्मा वाटा, हे कुराणात स्पष्ट आहे (४:११). आमच्याकडे मात्र बहिणींकडून हक्कसोडपत्र लिहून घेतात आणि ईदीला साडी देतात. मजकूर पाठवणाऱ्या त्या जातभाईला मी फोन करून एवढंच विचारलं : पेढीत आपांचा, तुझ्या बहिणींचा, वाटा किती?

"भाईजान, ते घरचं आहे," तो म्हणाला.

मी पुढे बोललो नाही. त्या हक्कसोडपत्रावर साक्षीदार म्हणून सही माझीच आहे.