चार वर्षांची शाळा आणि दोन वर्षांचा थांबा

ऑगस्टच्या सुरुवातीला शाळा उघडायला अजून अवकाश असतो, पण टेक्सासातल्या डॅलसच्या उत्तरेकडच्या आमच्या उपनगरात सकाळी सात वाजता मी मुलीला तिच्या हायस्कूलच्या वाहनतळावर सोडते. तिथल्या डांबरावर अमेरिकन फुटबॉलच्या मैदानासारख्या पाच-पाच यार्डांवर पांढऱ्या रेषा आखलेल्या आहेत, आणि दोन रेषांमधले अंतर बरोबर आठ पावलांत, म्हणजे दर पावलाला साडेबावीस इंच, कापायचे अशी मार्चिंग बँडची, म्हणजे मैदानावर चालत वाजवणाऱ्या वाद्यवृंदाची, शिस्त आहे. मुलगी क्लॅरिनेट वाजवते. नववीत असताना ती हातात वाद्य न घेता, नुसते आकडे पुटपुटत, घरातल्या बोळात ही पावले घोटत असे आणि एखादे चुकले की भिंतीपासून पुन्हा सुरुवात करत असे.

गेल्या वर्षी याच सुमारास लातूरहून धाकट्या भावाचा फोन आला. भाच्याला अकरावी विज्ञानाला प्रवेश मिळाला होता, पण शिकवणी कॉलेजात नव्हे, नीटची तयारी करून घेणाऱ्या क्लासमध्ये होणार होती. कॉलेजात जायचे ते प्रात्यक्षिकांपुरते आणि परीक्षेपुरते. “सगळेच असं करतात, ताई,” भाऊ म्हणाला. त्याच्या आवाजात अपराधीपणा नव्हता, आणि त्याला दोष द्यावा असे मलाही वाटले नाही.

या ‘टाय-अप’ कॉलेजांवर महाराष्ट्रात कितीतरी वर्षे वाद चालू आहे. 2018 मध्ये राज्य सरकारने कनिष्ठ महाविद्यालयांतल्या विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली, आणि जानेवारी 2024 मध्ये केंद्राने 16 वर्षांखालच्या मुलांना क्लासमध्ये प्रवेश देऊ नये अशी मार्गदर्शक तत्त्वे काढली. हेतू चांगलाच आहे. पण मला वाटते, ही सगळी चर्चा हजेरीपाशीच अडकली आहे. यंत्रावर बोट टेकवल्याने मुलगा वर्गात आला एवढेच सिद्ध होते. त्या इमारतीत त्याचे स्वतःचे असे काही आहे का, हा प्रश्न तसाच राहतो.

इथे ते ‘स्वतःचे काही’ वेळापत्रकातच बसवलेले असते, आणि हायस्कूलच्या ज्या गोष्टीचे मला खरोखर कौतुक वाटते ती ही आहे. बँड हा रोजचा एक तास असतो. त्याला पगारी शिक्षक, स्वतंत्र खोली आणि गुण असतात. टेक्सासात हायस्कूलची पदविका मिळवायची तर कलेचे एक आणि शारीरिक शिक्षणाचे एक क्रेडिट प्रत्येकाला मिळवावेच लागते. उलट बाजूने, 1984 च्या कायद्यानुसार एखाद्या विषयात 70 पेक्षा कमी गुण पडले की स्पर्धेत उतरता येत नाही, म्हणजे अभ्यासाला मैदानाचाही धाक असतो. ज्या राज्यव्यापी संस्थेच्या नियमांखाली फुटबॉलचे सामने होतात, तीच संस्था गणिताच्या आणि वादविवादाच्या स्पर्धा घेते, आणि 40 मिनिटांच्या मर्यादेतल्या एकांकिकांच्याही. एकांकिकांचे कळले तेव्हा मला भरत नाट्य मंदिर आठवले. पुण्यात 1963 पासून चालणाऱ्या पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी ‘अरे, आवाज कुणाचा’ ही आरोळी ज्यांनी घसा बसेपर्यंत दिली आहे, त्यांना आपल्या संस्थेविषयीचा अभिमान कशाला म्हणतात हे अमेरिकेने शिकवायची गरज नाही. ती ओढ आपल्यात आहेच. पंधरा ते सतरा या वयात मात्र आपण तिला “बारावी होऊ दे, मग कर काय ते” असे सांगून बाजूला बसवतो.

इथले सगळेच अनुकरणीय आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. आमच्याजवळच्या ॲलन या गावाने 2012 मध्ये हायस्कूलच्या फुटबॉलसाठी सुमारे 6 कोटी डॉलर खर्चून 18,000 आसनांचे स्टेडियम उभारले आणि काँक्रीटला तडे गेल्यामुळे ते 2014 चा पूर्ण हंगाम बंद ठेवावे लागले; एवढा पैसा एका खेळावर लावणे मला आजही पटत नाही. होमकमिंगच्या, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या स्वागताच्या, आठवड्यात मुली ‘मम’ नावाचे कृत्रिम शेवंतीचे फूल छातीवर लावतात, त्याला गुडघ्यापर्यंत फिती, घुंगरे आणि चिमुकली अस्वलेही लटकतात, आणि ज्या घराला हा खर्च झेपत नाही त्या घरच्या मुलीला तो दिवस जड जातो. शिवाय आपली माणसे आपली भीती इथेही घेऊन आली आहेत. 1997 च्या कायद्याने वर्गातल्या पहिल्या 10 टक्के विद्यार्थ्यांना सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश मिळू लागला (ऑस्टिनच्या विद्यापीठाची अट आता याहून कडक आहे), त्यामुळे क्रमांकासाठी झुंज लागते. बँडच्या तासाला अवघड विषयांसारखे वाढीव गुण नाहीत, म्हणून अकरावीत बँड सोडणारी मुले आमच्या ओळखीच्या मराठी घरांतही आहेत. गेल्या हिवाळ्यात आम्हीही तो हिशेब कागदावर मांडला होता. शेवटी मुलीला विचारले आणि तिने सोडायचे नाही असे ठरवले.

तरीही एक फरक मला निर्णायक वाटतो, आणि तो वर्षांचा आहे. इथे नववी ते बारावी ही चार वर्षे एका छताखाली जातात. नववीत शेवटच्या रांगेत चुकणारी मुलगी अकरावीत इतरांना पावले शिकवते. आपल्याकडे बहुतेक मुलांची शाळा दहावीला सुटते आणि पुढे दोन वर्षांचा एक थांबा येतो, जिथे कोणी कोणाला ओळखण्याआधीच निरोपाची वेळ होते. तो थांबा क्लासवाल्यांनी ताब्यात घेतला यात नवल नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने नववी ते बारावी हा एकच टप्पा मानला आहे आणि अभ्यास व अभ्यासेतर उपक्रम यांत भिंत नको असेही स्पष्ट म्हटले आहे. हजेरीच्या यंत्रांपेक्षा हे कलम अमलात आणण्यासाठी पालकांनी आणि संस्थाचालकांनी आग्रह धरला पाहिजे: मुले शक्य तिथे त्याच शाळेत राहावीत, आणि लेझीम, नाटक किंवा कबड्डी यांना रोजचा एक तास आणि एक शिक्षक मिळावा.

मागच्या महिन्यात भाच्याशी बोलले. कॉलेजविषयी विचारले तर त्याला तिथल्या एकाही शिक्षकाचे नाव सांगता आले नाही. मग तो आपणहून म्हणाला, “आत्या, जानेवारीत शाळेच्या गॅदरिंगला गेलो होतो, क्लास बुडवून. लेझीमच्या सरांनी मला आठवीच्या पोरांचे ठेके बसवायला उभं केलं.” त्यानंतर दहा मिनिटे तो त्या पोरांचे काय काय चुकत होते तेच सांगत राहिला.