रात्री अडीचला कोण आलं होतं?

आज सकाळी शाळेच्या ग्रुपवर एका मित्राने लाडक्या बहिणीचे पैसे घेऊन मत देणाऱ्यांबद्दल टाकलं, "१५०० रुपयांत विकली गेलेली माणसं. यांना कसली आलीय विचारधारा!" खाली सात अंगठे. माझा चहा गार झाला.

अरे, तुझे वडील आणि माझे बाबा गिरणीत एकाच खात्यात सांचे, म्हणजे माग, चालवायचे. विसरलास?

१९६७ ला आमची अख्खी चाळ कम्युनिस्ट नेते डांगेंच्या मागे. तीनच वर्षांत परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंचा खून झाला, तिथे पोटनिवडणूक लागली. बाबांनी देसाईंच्या पत्नी सरोजिनीबाईंना मत दिलं, शेजारच्या काकांनी वामनराव महाडिकांना. महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार झाले. दुसऱ्या दिवशी दोघं एकाच काडीवर विड्या पेटवून पहिल्या पाळीला गेले.

मग १८ जानेवारी १९८२. अडीच लाख गिरणी कामगार संपावर. मी चौदा वर्षांचा. आधी पितळेची भांडी गेली, मग आईच्या पाटल्या. त्यातच एका रात्री अडीचला आईला रक्ताची उलटी झाली. बाबा युनियनच्या माणसाकडे धावले. दार उघडलं नाही. नाक्यावर सेनेच्या शाखेतली चार पोरं बसली होती. त्यांनी आईला खुर्चीसकट तीन जिने खाली उतरवलं, अँब्युलन्स आणली. एकाच्या पायात चप्पलसुद्धा नव्हती.

१९८४ ला देशभर राजीव गांधींची लाट, आणि आमच्या गिरणगावाने अपक्ष उभ्या राहिलेल्या संपाच्या नेत्याला, डॉ. दत्ता सामंतांना, दिल्लीला पाठवलं. बाबांचंही मत डॉक्टरांनाच. पुढच्याच वर्षी महापालिकेला त्यांनी सेनेला मत दिलं. ट्रंकेतला लाल बावटा मात्र शेवटपर्यंत कुणाला हलवू दिला नाही. ह्याला विकलं जाणं म्हणतात?

सेनेने गिरण्या वाचवल्या का? नाही. मराठी माणसाच्या नावाखाली दाक्षिणात्यांना मारहाण झाली, तेही खरं. मान्य. पुढे बोला.

आपण सगळे पुरोगामी, म्हणून आपल्यातच बोलतो. आपण परिसंवाद घेतले, ठराव केले, कामगार वर्गाने कसं वागावं ते छापलं. जिन्यावरून आईला उतरवायला आपल्यातलं कोण होतं? गिरण्यांच्या जागी टॉवर उठले तेव्हा कुठल्या रंगाच्या झेंड्याने ते अडवले? आणि वर म्हणायचं, कामगार पक्ष बदलतो! पक्षच त्याचा जिना चढायचे थांबले, हे कोण म्हणणार?

जाऊ दे. सकाळपासून डोकं तापलंय.

आमच्याकडे भांडी घासायला येतात त्या मावशींनी लाडक्या बहिणीच्या पैशातून चष्मा केला. आयुष्यातला पहिला. नवऱ्याला विचारलं नाही. मत कुणाला दिलं म्हटलं की पदर तोंडाला लावून हसतात. निवडणुकीच्या तोंडावर वाटलेले पैसे आहेत, हे मलाही कळतं रे. त्यांनाही कळतं. पण चष्म्यातून त्यांना आता तांदळातले खडे दिसतात.

मित्रा, तुझ्यावर राग नाही. म्हणजे आहे, पण संध्याकाळपर्यंत जाईल. तुझ्या वडिलांना एकदा विचार, त्यांनी तेव्हा कुणाला मत दिलं होतं.

पोस्ट टाकण्याआधी बाबांना वाचून दाखवली. वय शहाऐंशी, ऐकू कमी येतं, दोनदा वाचावी लागली. म्हणाले, "अडीच नव्हे, पावणेतीन. आणि हे पण लिही, गिरणी चालू असती तर मी तिसऱ्या पाळीला असतो. घरी नसतोच."