‘हलकी’ चढलीय म्हणून गाडी काढू नका

लग्नसराई आली की दारूचा तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो. यंदा तो मला माझ्या भाच्याने दाखवला, मोटारसायकलची किल्ली हातात धरून. त्यात पिणाऱ्याच्या चार पायऱ्या दिल्या आहेत: हलकी, टाइट, टल्ली, आउट. हलकी असेल तर गाडी चालवायला हरकत नाही, टाइट असेल तर काळी कॉफी आणि लिंबू, टल्लीला गार पाण्याची अंघोळ, आउट झालेल्याला झोपू द्या. जोडीला पोटभर जेवण, आणि पोलिसांसाठी वेलची.

पहिली पायरीच घातक आहे. टाइट, टल्ली, टुन्न, तर्र हे सगळं आपण बघून ठरवतो. पाय लटपटले, जीभ जड झाली की म्हणतो, टल्ली झाला. रक्तात किती दारू आहे ते त्यातून कळत नाही. रोजच्या पिणाऱ्याला सवय झालेली असते. तो सरळ चालतो, नीट बोलतो, ‘मला चढतच नाही’ म्हणतो, आणि रक्तातला आकडा भलताच वर असतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 185 वाचा. मर्यादा आहे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम. सत्तर किलोच्या माणसाने रिकाम्या पोटी एक लार्ज, म्हणजे 60 मिलिलिटर व्हिस्की झटकन घेतली तरी तो ती ओलांडू शकतो. तेव्हा तो ‘अजून किक बसली नाही’ असंच सांगत असतो! पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि समोरून येणाऱ्याचं काय? दारूने अंदाज जातो, आणि ज्याचा अंदाज गेलाय त्यालाच हा मेसेज विचारतो, तू कोणत्या पायरीवर आहेस?

कॉफी, लिंबू, अंघोळ, कशानेही उतरत नाही. यकृत आपल्या गतीने काम करतं, 100 मिलिलिटर रक्तामागे तासाला साधारण 15 मिलिग्रॅम. मध्यरात्री आकडा 90 असेल तर उजाडेपर्यंत थांबावंच लागतं. कॉफीने झोप उडते एवढंच. वेलचीने तोंडाचा वास झाकेल, पण पोलिसांचं यंत्र फुप्फुसातल्या हवेतली दारू मोजतं.

जेवणाचा मुद्दा मान्य करावा लागतो, तोही अर्धाच. आधी जेवलं तर दारू रक्तात सावकाश जाते. प्यायल्यावर बिर्याणी खाऊन मात्र रक्तात गेलेली परत येत नाही.

आणि ‘आउट झालेल्याला झोपू द्या’ या सल्ल्याने माणूस जाऊ शकतो. शेवटचे पेग पोटातच असतात, त्यामुळे तो आडवा झाल्यावरही दारू चढत राहते. उताणा असताना उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते. हलवूनही उठत नसेल, श्वास अडखळत असेल, अंग गार पडलं असेल तर कुशीवर वळवा, 108 ला फोन करा, गाडी येईपर्यंत त्याला एकटं सोडू नका. हातभट्टीची प्यायला असेल तर जास्तच घाई करा. 2015 साली मालाडच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभरावर माणसं गेली. हे विष कित्येक तासांनी दिसायला लागतं. दुसऱ्या दिवशी पोटात दुखून डोळ्यांपुढे धुकं आलं, तर रात्रीची उतरली नाही असं समजून घरी पडू देऊ नका. आणि डॉक्टरांना कुठली, किती, केव्हा प्यायला ते खरं सांगा, घरचे रागावले तरी.