नावं लिहिता आली म्हणजे जलचक्र समजलं असं नव्हे

शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर साधारण असा: "जलचक्र हा सगळ्यात सोपा धडा. फळ्यावर आकृती काढा, नावं पाठ करून घ्या, विषय संपला. कोकणातल्या मुलांना तर समुद्र आणि डोंगर रोज दिसतात. आणि चक्रात पाणी कमी होतच नाही, उगाच टंचाईचा बाऊ करू नका." आपल्याकडच्या कितीतरी शिक्षकांनी तो पुढे पाठवला, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

"नावं पाठ झाली की धडा झाला." बाष्पीभवन, सांद्रीभवन, वृष्टी अचूक लिहिणाऱ्या मुलाला विचारा, ढगात काय असतं? "वाफ" हे उत्तर हमखास येतं. पण वाफ डोळ्यांना दिसतच नाही. ढग दिसतो तो पाण्याच्या बारीक थेंबांमुळे नाहीतर हिमकणांमुळे. म्हणजे सांद्रीभवन, वाफेचे थेंब होणं, हा शब्द जागेवर बसला, पण तिथे काय घडतं ते पोचलेलं नाही. बाष्पीभवनासाठी पाणी उकळावं लागतं, असंही अनेकांना वाटतं. अशा वेळी पडवीतल्या दोरीवरचे कपडे आठवायला सांगा. ते जुलैत दिवसेंदिवस दमट राहतात आणि मार्चमध्ये दुपारपर्यंत वाळतात, ते का? हवेत आधीच किती बाष्प आहे, इथवर मुलं बोलत बोलत स्वतःच येतात.

"कोकणातल्या मुलांना सगळं समोरच दिसतं." मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे, कारण इथेच आकृती मुलांना चकवते. चित्रात समोरच्या समुद्रातून बाण वर जातो, शेजारच्या डोंगरावर ढग येतो आणि नदी परत समुद्राला मिळते. मुलाला वाटतं, गणपतीपुळ्याचं पाणी वर गेलं आणि संगमेश्वरच्या डोंगरावर पडलं. मग मे महिन्यात ऊन कडक, समुद्र तोच, डोंगर तोच, तरी पावसाचा पत्ता का नसतो? हा प्रश्न वर्गात टाका आणि थोडा वेळ गप्प बसा. उत्तर वाऱ्यात आहे. नैऋत्य मोसमी वारे विषुववृत्त ओलांडून हजारो किलोमीटरवरून बाष्प आणतात. सह्याद्रीला अडून ते वर चढतात, थंड होतात आणि मग पाऊस पडतो. बहुतेक आकृत्यांत ना वारा असतो ना ऋतू. शिवाय जगातलं सुमारे 86 टक्के बाष्पीभवन समुद्रावरून होतं आणि त्यातलं बहुतेक पाणी पाऊस होऊन समुद्रावरच पडतं. चित्र पाहून हे कुणाच्या मनातही येणार नाही.

आकृतीत माणूसही नसतो. 2019 साली 'नेचर जिओसायन्स'मध्ये आलेल्या एका अभ्यासात साडेचारशेहून अधिक आकृत्या तपासल्या होत्या. माणसाचा पाण्याशी संबंध जेमतेम 15 टक्क्यांत दिसला. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने 2022 मध्ये आपली आकृती नव्याने काढली, तेव्हा शेती, धरणं, शहरं त्यात घेतली. आपल्याला उदाहरणासाठी लांब जायला नको. महाबळेश्वरला कोयना नदीच्या अंगाने पडलेला पाऊस एरवी कृष्णेतून बंगालच्या उपसागराला गेला असता. त्यातलं बरंच पाणी कोयना धरणातून बोगद्यांवाटे पोफळीच्या वीजगृहात उतरतं, तिथून कोळकेवाडी धरण, मग चिपळूणची वाशिष्ठी नदी आणि दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्र. चिपळूणच्या मुलाने हा बाण काढल्याशिवाय त्याच्या नदीची आकृती पुरी होईल का?

"पाणी कमी होत नाही, टंचाईचा बाऊ नको." पृथ्वीवरचं एकूण पाणी जवळपास तेवढंच राहतं, हे खरं. पण त्यातलं सुमारे 97 टक्के समुद्रात, खारं. आपल्या कोकणात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरी एप्रिल-मेमध्ये कित्येक वाड्यांवर टँकर येतो. उघड्या कातळावरून पाणी वाहून जातं. जांभ्या दगडात मुरतं तेही उतारावरच्या झऱ्यांतून लवकर निसटतं. खाडीकाठी उपसा वाढला की विहिरीचं पाणी मचूळ होतं. जिची आई डोक्यावर हंडा घेऊन चढण चढते, त्या मुलीला "पाणी कमी होत नाही" एवढंच सांगून धडा मिटवणं हा तिच्यावर अन्याय आहे.

आकृती जरूर काढून घ्या, पण पेन्सिलीने आणि स्वतःच्या वाडीची. सडा (कातळाचं पठार), पऱ्या (छोटा ओढा), विहीर, पंप, सगळं त्यात येऊ दे. मोठ्यांना सोबत घेऊन विहिरीच्या काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर दोरीने मोजू द्या. दिवाळीला एकदा, होळीला एकदा, मेच्या सुट्टीत एकदा. दर वेळी आकृती दुरुस्त करायची. प्रत्येक बाणाशेजारी "पाहिलं" किंवा "वाचलं" लिहायचं आणि खात्री नसेल तिथे प्रश्नचिन्ह. ती प्रश्नचिन्हं लाल शाईने खोडू नका. पुढचा तास त्यांच्यापासूनच सुरू करा.