पामतेलाची पिशवी घेणारी बाई शेतकऱ्याची वैरीण नाही

सोयाबीन बाजारात यायच्या सुमारास दरवर्षी एक मेसेज फिरतो. यंदा तो मला एकाच दिवशी तीन ग्रुपवर आला. मजकूर थोडक्यात असा: परदेशी पामतेल बंद करा, लाकडी घाण्याचं तेल घ्या. ते महाग दिसतं, पण निम्मंच लागतं, म्हणून परवडतं. त्याने आपला सोयाबीनवाला शेतकरी जगेल आणि आयात आपोआप थांबेल. पामतेल तर विषच. आणि शेवटी, चार पैसे वाचवायला पामतेल घेणारी बाई शेतकऱ्याच्या ताटातला घास काढून घेते.

माझं माहेर औसा तालुक्यातलं, अण्णा अजून सोयाबीन करतात. मी हडपसरला चार माणसांचं घर चालवते आणि पामतेल घेते. म्हणून हे उत्तर.

आधी ‘निम्मं लागतं’ हे बघू. मी महिनाभर मोजून पाहिलं. घाण्याच्या शेंगदाणा तेलाला वास आहे, चव आहे, त्यामुळे फोडणीला पळीभराऐवजी पाऊण पळी पुरते, हे खरं. पण पुऱ्या तळायच्या तर कढई भरावीच लागते आणि पोळीला लावायचं तेल काही कमी होत नाही. महिन्याचं तीन लिटर अडीचवर आलं, त्याखाली नाही. आमच्याकडे पामतेल लिटरला १३०च्या आसपास पडतं, घाण्याचं ३२०. म्हणजे ३९०च्या जागी ८००. वरच्या चारशेत जवळजवळ निम्मी गॅसची टाकी येते. घाणेवाला लुटतो असंही मी म्हणणार नाही. लिटरभर तेलाला अडीच किलोच्या आसपास शेंगदाणे लागतात, दाण्याचा भाव लावून बघा.

आता सोयाबीनवाल्याचं जगणं. मेसेज लिहिणाऱ्याने सोयाबीन कधी हातात घेतलं नसावं. त्यात तेल जेमतेम १८ ते २० टक्के. ते काढायला सॉल्व्हंट प्लांट, म्हणजे द्रावकात विरघळवून तेल काढणारा कारखाना लागतो, लाकडी घाण्याचं ते काम नाही. बाकीची सगळी पेंड, म्हणजे कोंबड्या-जनावरांचा खुराक, आणि सोयाबीनचा भाव या पेंडीच्या मागणीवर फार हलतो. मी घाण्याचं तेल घेतलं तर पैसा शेंगदाण्याला जातो, तोही बहुतेकदा गुजरातच्या. जाऊ दे की, तोही शेतकरीच. पण त्यातून अण्णांच्या पदरात काही पडत नाही. दुकानातली ‘रिफाइंड सोयाबीन’ची पिशवी घ्यावी, तर त्यातलं बरंच तेल अर्जेंटिना-ब्राझीलचं.

अण्णांचा घास कुठे अडकतो ते मी डोळ्यांनी पाहिलंय. २०२४च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. अण्णांनी मूठभर दाणे घेतले, एक दाताखाली धरला, कट्‌ आवाज आला. म्हणाले, “वाळलंय की.” मशीनवर १४ आलं. माल परत फिरला आणि आडतीवर हमीभावाच्या बराच खाली गेला, कारण दिवाळीआधी खताच्या दुकानाची उधारी फेडायची होती. ओलाव्याची मर्यादा १५ टक्के झाली ती नोव्हेंबरात, दिवाळी होऊन गेल्यावर.

आयात थांबेल म्हणतात. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, वर्षाला दीडशे लाख टनांच्या वर. त्यातलं पामतेल काही फक्त आमच्या कढईत पडत नाही. बिस्किटं, फरसाण, वनस्पती तूप, साबण, सगळीकडे तेच आहे. १९८६ला तेलबियांचं अभियान सुरू झालं आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला देश तेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता. काटकसर तेव्हाच्या बायकाही करत होत्या. मग १९९४ला पामोलीनची आयात खुली झाली आणि चार-पाच वर्षांत शुल्क ६५ टक्क्यांवरून १५वर आलं. अलीकडचंच बघा. सप्टेंबर २०२४मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण आयात शुल्क ५.५वरून २७.५ टक्के झालं, मे २०२५च्या अखेरीस पुन्हा १६.५वर उतरवलं. पेरणीच्या तोंडावर! हे आकडे किराणा दुकानात ठरत नाहीत.

परक्या तेलावर विसंबणं धोक्याचं आहे, हे मात्र मला पूर्ण मान्य. एप्रिल २०२२मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात बंद केली, तेव्हा मी महिनाभर एकही तळण केलं नव्हतं.

विषाबद्दल एवढंच: पामतेलात संपृक्त मेद जवळजवळ निम्मा असतो, म्हणून ते बेतानं खावं. विष म्हणणं खोटं आहे.

आणि ती घास काढून घेणारी बाई. अण्णांचं सोयाबीन काढायला ज्या बायका येतात, त्या आठवड्याच्या बाजारात मजुरीतून पामतेलाचीच पिशवी घेतात. उन्हात वाकून ज्यांनी ते पीक कापलं, त्यांना शेतकऱ्याची वैरीण म्हणताना जीभ कशी रेटते?

घाण्याचं तेल मीही आणते, दिवाळीला माहेराहून, एक लिटर करडईचं. ठेच्यावर आणि चटणीवर कच्चं घ्यायला. लहानपणी आमच्याकडे ज्वारीच्या कडेने करडईच्या ओळी असायच्या. काट्यांमुळे काढणीला मजूर मिळेना, तशा त्या गेल्या. यंदा मी अण्णांना म्हटलं, अर्धा एकर करडई करता का? म्हणाले, “करतो, पण काट्याची नको.” फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने नारी-६ हे बिनकाट्याचं वाण काढलेलं आहे. रब्बीच्या आत त्याचं बी कुठे मिळतंय, ते बघतेय.