‘एकेकाळची’ खाण?

तुमच्या लेखात बोलिव्हियातल्या पोटोसी शहराच्या सेरो रिको या चांदीच्या डोंगराला ‘एकेकाळची खाण’ म्हटलंय, ते खटकलं. १५४५ पासून पोखरला जाणारा हा डोंगर आजही पोखरला जातोय, आणि म्हणूनच युनेस्कोनं २०१४ मध्ये पोटोसीला धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीत टाकलं. आम्ही गेलो तेव्हा गाईडनं आधी बाजारातून कोकाची पानं घ्यायला लावली, कामगारांना द्यायला. चार हजार मीटरवर आधीच धाप, त्यात बोगद्यातली धूळ! आत शिंगंवाला ‘टिओ’, म्हणजे खाणकामगारांचा पाताळातला देव, तोंडात सिगारेट धरून बसलेला.

लेखातलं पोटोसीच्या जुन्या टांकसाळीचं वर्णन मात्र झकास. पण तिथली खेचरांनी फिरवायची लाकडी यंत्रं एवढी रंगवलीत, आणि स्पॅनिश राजवटीत ‘मिता’ पद्धतीनं वेठीला धरून खाणीत उतरवलेल्या आदिवासींवर एक ओळही नाही?