बॅच होळीनंतर घ्या
तुमच्या लेखात जनरल ड्युटी असिस्टंटच्या, म्हणजे रुग्णाची देखभाल करणाऱ्या मदतनिसाच्या, मोफत कोर्सचं कौतुक आहे, ते रास्तच. पण नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडे बॅच ऑक्टोबरात सुरू केली की कापूस वेचणीत वर्ग ओस पडतो. हातची मजुरी कोण सोडेल? होळीनंतर घ्या. आधार आणि मार्कशीटवरचं नाव प्रवेशाआधीच जुळवा, नाहीतर प्रमाणपत्र अडकतं. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची दर 2 तासांनी कूस बदलणं, बीपीचा पट्टा कोपराच्या दोन बोटं वर बांधणं, हे हात बसेपर्यंत करून घ्या. नुसत्या व्हिडिओवर भागवू नका. आणि पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा, ही नर्सिंग कौन्सिलची नोंदणी नव्हे, इंजेक्शन द्यायचं नाही. त्यासाठी बारावीनंतर 2 वर्षांचं एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) शिक्षण आहे. हे न सांगणं म्हणजे कोर्सला येणाऱ्या बायांची फसवणूकच.